रात्री दोनचं बीपी

नर्सिंगच्या एम.एस्सी.च्या मुली माझ्याकडे येतात त्या प्रबंधाच्या शेवटी, आकडे गोळा करून झाल्यावर. मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर ठाण्यात घरीच असतो, आणि नेरुळ, वाशी, कामोठ्याच्या कॉलेजांतली कुणीतरी पुढच्या बॅचला माझा नंबर देऊन ठेवते. शनिवारी दुपारी ठाणे-वाशी लाइनची लोकल पकडून दारात हजर. पिशवीत लॅपटॉप, साठ भरलेल्या प्रश्नावल्या आणि एकच काळजी: "सर, पी व्हॅल्यू येईल ना?" म्हणजे, उपायाने पडलेला फरक निव्वळ योगायोगाचा नाही असं दाखवणारा आकडा.

येते. जवळजवळ नेहमीच येते. माझी तक्रार तिथूनच सुरू होते.

गेल्या काही वर्षांत या प्रबंधांमध्ये झोपेचे विषय वाढलेत. बरं वाटतं, कारण झोप हा परिचारिकेचा हक्काचा विषय आहे. व्हर्जिनिया हेंडरसन यांनी माणसाच्या ज्या १४ मूलभूत गरजा सांगितल्या आणि ज्या नर्सिंगच्या पहिल्या वर्षात पाठ करून घेतात, त्यात झोप आणि विश्रांती पाचवी आहे. पण शीर्षकं वाचू लागलं की साचा लक्षात येतो. 'निवडक रुग्णालयातील शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या झोपेच्या गुणवत्तेवर पाय चोळण्याची परिणामकारकता.' पुढच्या वर्षी पाय चोळण्याच्या जागी गरम पाण्यात पाय बुडवणं येतं. मग पाठीचा मसाज, लव्हेंडरचं तेल, बासरी, श्वसनाचे व्यायाम, झोपेच्या सवयींची माहितीपुस्तिका. रुग्ण बदलतात, तेल बदलतं, साचा तोच.

या सगळ्या अभ्यासांत रुग्णाला झोप का येत नाही, हा प्रश्न रुग्णाचाच मानलेला असतो. त्याचे पाय थंड आहेत, मन अशांत आहे, सवयी वाईट आहेत. वॉर्डाची रात्र कशी असते, ती किती वेळा मोडते आणि कोण मोडतं, हे कुणी मोजत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्याकडच्या नर्सिंग संशोधनाने काही वर्षं रुग्णाला झोपवण्याचे उपाय बाजूला ठेवावेत आणि आपण त्याला किती वेळा उठवतो ते मोजावं.

हे मला पुस्तकातून सुचलेलं नाही. माझ्या ८६ वर्षांच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा इथल्याच एका हॉस्पिटलात सहा रात्री नातेवाइकाच्या खुर्चीत काढल्या. तिसऱ्या रात्री करमणूक म्हणून औषधांच्या बिलाच्या पाठीमागे रेघा मारत बसलो. साडेदहाला इंजेक्शन. पावणेबाराला सलाइन संपलं म्हणून. साडेबाराला शेजारच्या खाटेवर नवा रुग्ण आला, वॉर्डाच्या सगळ्या ट्यूबलाइट लागल्या आणि पुढचा पाऊण तास तशाच राहिल्या. दोनला बीपी. तीनच्या सुमारास मावशींची बादली आणि त्यांचं फोनवरचं बोलणं. पावणेपाचला रक्त घ्यायला लॅबचा मुलगा. सव्वापाचला स्पंजिंग, कारण दिवसपाळी येण्याआधी सगळे रुग्ण पुसून, चादरी बदलून तयार हवेत. मधल्या किरकोळ रेघा धरून अकरा झाल्या. सकाळी राउंडला आलेल्या डॉक्टरांनी विचारलं, "आजी, झोप लागली का?" आईने मान हलवली. फाइलवर काय लिहिलं गेलं ते मी वाचलं. 'झोप समाधानकारक.'

त्या रात्रीच्या सिस्टरविषयी मला काहीही म्हणायचं नाही. ती एकटी होती आणि मी पाहिलं तेवढ्या वेळात एकदाही बसली नाही. दोनचं बीपी तिने स्वतःच्या मनाने घेतलं नव्हतं, चार्टवर 'दर चार तासांनी' लिहिलेलं होतं. आईचं बीपी दोन दिवस स्थिर होतं, तरी ते 'दर चार तासांनी' खोडायचं कुणाला सुचलं नाही. खोडण्याचा अधिकार तिला नव्हता.

आता जरा जुनी गोष्ट. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचं 'नोट्स ऑन नर्सिंग' १८५९ साली आलं. त्यात आवाजावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. रुग्णाला मुद्दाम किंवा चुकून कधीही जागं होऊ न देणं ही चांगल्या शुश्रूषेची पहिली अट आहे, असं त्या तिथे म्हणतात. त्यापुढचं निरीक्षण तर अनुभवाशिवाय येणारच नाही: पहिल्याच झोपेतून उठवलेल्या रुग्णाला पुन्हा झोप लागणं कठीण, काही तास झोपल्यावर उठवलं तर तो बहुधा पुन्हा झोपतो. पुन्हा या बाई आकडेवारीच्या नादी. क्रिमियातले मृत्यू त्यांनी मोजले आणि आकृत्या काढून सरकारपुढे ठेवले. झोप आणि मोजणी या दोन्ही गोष्टी या व्यवसायाच्या पायातच आहेत, म्हणूनच मला साठ प्रश्नावल्यांचं दुःख होतं.

जगात या विषयाने कूस बदलली आहे. १९८९ साली पिट्सबर्गच्या संशोधकांनी झोपेच्या गुणवत्तेची १९ प्रश्नांची मोजपट्टी तयार केली. सात घटक, ० ते २१ गुण, पाचाच्या वर गेलात की झोप वाईट. स्वस्त, सुटसुटीत, कुठल्याही भाषेत नेता येते, त्यामुळे जगभर पसरली. अतिदक्षता विभागासाठी पाच प्रश्नांची रिचर्ड्स-कॅम्पबेल प्रश्नावलीही आली. तिच्यातल्या रिचर्ड्सबाई स्वतः परिचारिका-संशोधक. आणि मग काही जणींनी रुग्णाकडे बघायचं सोडून घड्याळाकडे बघायला सुरुवात केली. २००४ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात चार अतिदक्षता विभागांमधल्या १४७ रात्रींच्या नोंदी तपासल्या. एका रात्रीत रुग्णाशी सरासरी ४२.६ वेळा काही ना काही कामासाठी संबंध आला होता. सलग दोन-तीन तास कुणीही हात लावला नाही, असे तुकडे सगळ्या मिळून फक्त ९ सापडले. रोजच्या अंघोळींपैकी ६२ टक्के रात्री ९ ते पहाटे ६ या वेळात उरकलेल्या होत्या. म्हणजे आमच्याकडचं सव्वापाचचं स्पंजिंग ही काही ठाण्याची मक्तेदारी नव्हे. २०१३ साली आणखी एका अमेरिकन अभ्यासाने दाखवलं की रात्री बीपी-नाडीसाठी ज्यांना उठवलं जातं त्यांत जवळजवळ निम्मे रुग्ण असे असतात, ज्यांची तब्येत बिघडण्याची शक्यता अगदी कमी असते. २०१८ साली अतिदक्षता विभागांसाठीच्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांमध्ये वेदना, गुंगी आणि भ्रम यांच्या जोडीला झोप हे स्वतंत्र प्रकरण आलं.

या प्रवाहाचं पाणी आपल्यापर्यंत आलं ते फक्त मोजपट्टीच्या रूपात. तीही आपण उलटी धरली आहे. पिट्सबर्गची मोजपट्टी 'गेल्या महिन्याभरात' असं विचारते. आमच्या प्रबंधांत ती तीन दिवसांपूर्वी दाखल झालेल्या रुग्णाला देतात, मग पाच दिवस पाय चोळतात आणि पुन्हा तीच देतात. महिन्याच्या झोपेत पाच दिवसांनी कसला फरक पडणार? तरी पडतो, कारण रुग्ण बिचारा समंजस असतो. काल-परवाच्या रात्री आठवून उत्तर देतो. आणखी एक गंमत. त्याच प्रश्नावलीत विचारलंय की गाडी चालवताना, जेवताना किंवा चारचौघांत वावरताना जागं राहणं जड जातं का. शहापूरहून आलेल्या सत्तरीच्या आजींना एका मुलीने हा प्रश्न जसाच्या तसा वाचून दाखवला. आजी म्हणाल्या, "बाई, मी गाडी चालवत नाही, पण लोकलमध्ये उभ्या उभ्या झोपते." तिने 'लागू नाही'वर खूण केली. माझ्या मते त्या साठ प्रश्नावल्यांतलं सगळ्यात खरं उत्तर तेच होतं.

पी व्हॅल्यू का येते, तेही सांगतो. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या रात्री मोजलं की माणूस तळाला असतो. पाचव्या रात्री वेदना कमी झालेली असते, सलाइन निघालेलं असतं, घरी जायची तारीख कळलेली असते. पाय चोळा, भजन लावा किंवा काहीच करू नका, गुण सुधारणारच. तुलनेसाठी दुसरा गट असला तर हे पकडता येतं, आणि हल्ली बऱ्याच जणी तो घेतात. पण एका गटाशी रोज वीस मिनिटं कुणीतरी प्रेमाने बसतं आणि दुसऱ्याशी बसत नाही, हा फरक तेलाच्या खात्यावर जमा होतो. अतिदक्षता विभागात औषधाशिवाय झोप आणण्याच्या उपायांचा, वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा २०१५ सालचा आढावा आहे. ३० चाचण्या तपासून त्यांनी बहुतेक पुरावा कमी दर्जाचा ठरवला. थोडीफार आशा दिसली ती कानातले बोळे आणि डोळ्यांवरची पट्टी यांत. आवाज आणि उजेड अडवणाऱ्या वस्तू, लक्षात घ्या.

गरम पाण्यात पाय बुडवण्याला मी हसत नाही. पायांच्या रक्तवाहिन्या रुंदावल्या की शरीराच्या गाभ्यातली उष्णता बाहेर पडते आणि झोप लवकर लागते, याला चांगला आधार आहे. आपल्या घरोघरी आज्या काशाच्या वाटीने तळपाय चोळत आल्या, त्यात काही अर्थ असेलच. पण अकराला तळपाय चोळून झोपवलेल्या माणसाला दोनला दंडाला पट्टा बांधून उठवायचं असेल, तर वाटीचा काय उपयोग?

एक आक्षेप मी स्वतःच घेतो, कारण तो वजनदार आहे. २००३ साली कॅनडात कृत्रिम श्वासावरच्या मोजक्या रुग्णांचा अभ्यास झाला. त्यात आवाज आणि शुश्रूषेची कामं मिळून एकंदर जागं होण्यापैकी ३० टक्क्यांहून कमी वेळा कारणीभूत ठरली. बाकी आजार, औषधं, यंत्र, देवजाणे. म्हणजे उठवणं शून्यावर आणलं तरी झोप पूर्ण परतणार नाही. मान्य. पण तो अभ्यास अतिदक्षता विभागाचा. खुबा मोडलेल्या, हर्नियाच्या, बाळंतिणीच्या साध्या वॉर्डात हे प्रमाण किती, हे ठाणे-नवी मुंबईत कुणी मोजलेलं निदान माझ्या टेबलावर तरी आलेलं नाही. आणि आजार काही परिचारिकेच्या हातात नसतो. स्पंजिंगची वेळ असते.

बाहेरच्या आवाजावर आपल्या शहराने भांडण तरी केलं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालयाभोवतीचं १०० मीटरचं क्षेत्र शांतता क्षेत्र ठरवलं, रात्री १० ते पहाटे ६ पर्यंत ४० डेसिबलची मर्यादा. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांनी उत्सवांतल्या गोंगाटाविरुद्ध उच्च न्यायालयात जनहित याचिका लढवली, ऑगस्ट २०१६ मध्ये सविस्तर निकाल मिळवला. पुढच्याच वर्षी केंद्राने नियम बदलले आणि राज्य सरकारने जाहीर केल्याशिवाय कुठलीही जागा शांतता क्षेत्र धरायची नाही असं ठरवून टाकलं. तो वाद वेगळा आणि मोठा आहे. मला त्यातलं एवढंच घ्यायचंय की भिंतीबाहेरच्या आवाजासाठी निदान एक आकडा आहे, नियम आहे, तक्रार करायला पोलीस ठाणं आहे. भिंतीच्या आत जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली वॉर्डासाठी रात्री ३० डेसिबल सुचवले. वाजणाऱ्या चाकाच्या ट्रॉलीविरुद्ध तक्रार कुठे करायची?

मग मुली हे विषय का घेत नाहीत? आळस म्हणाल तर चूक. मी विचारलंय. पाय चोळायला परवानगी लगेच मिळते, कारण त्यात रुग्णालयाचं नाव खराब होत नाही. 'तुमच्या वॉर्डात रुग्णाला रात्री किती वेळा उठवतात ते मोजायचंय' असा अर्ज घेऊन मेट्रनबाईंकडे गेलं की त्या वर बघतात. दुसरं म्हणजे वेळ. माहिती गोळा करायला सहा आठवडे, तेही दिवसा. रात्री कॉलेजची बस नाही आणि वसतिगृहाचं दार बंद. झोपेवर संशोधन करणाऱ्या मुलीला रात्री वॉर्डात थांबता येत नाही, हे मला कळलं तेव्हा मी हसलो. ती हसली नाही. तिसरं, गाइडचा आग्रह असतो की 'हस्तक्षेप' हवा, म्हणजे रुग्णावर काहीतरी उपाय करून बघायला हवा, नुसत्या मोजणीला कोण विचारतो?

आणि सगळ्यात खाली जे दडलंय ते असं की मोजणी केली तर उत्तर परिचारिकांच्या संख्येवर जाऊन थांबतं. सव्वापाचला स्पंजिंग का? कारण सातनंतर दिवसपाळीला वेळ नाही. बीपी, इंजेक्शन, सलाइन एकाच फेरीत का नाही? कारण हाताखाली इतक्या खाटा की ज्याची वेळ होईल त्याच्याकडे धावायचं. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष साध्या वॉर्डात शिकवणाऱ्या रुग्णालयासाठी तीन रुग्णांमागे एक आणि इतरत्र पाच रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. रात्री प्रत्यक्षात किती असतात, हे ज्याने नातेवाईक म्हणून एक रात्र काढली आहे त्याला विचारायला नको. २००२ साली परिचारिका-संशोधक लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या १६८ रुग्णालयांतली आकडेवारी मांडली: परिचारिकेमागे एक जादा शस्त्रक्रियेचा रुग्ण, की तीस दिवसांतल्या मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी जास्त. त्या एका आकड्याने जगभर वाद पेटले. लव्हेंडरच्या तेलाने असे वाद पेटत नाहीत, म्हणून ते सगळ्यांना चालतं.

परिचारिकेच्या स्वतःच्या झोपेचंही तेच. कोविडनंतर जगभर या विषयावर लेखांचा पूर आला. त्याआधीही पुरावा कमी नव्हता. १९७६ पासून अमेरिकेत १,२०,००० हून अधिक परिचारिकांचा पाठपुरावा चालू आहे. रात्रपाळी आणि स्तनाच्या कर्करोगाचा संबंध त्यातून चर्चेत आला, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००७ साली आणि पुन्हा २०१९ साली रात्रपाळीला संभाव्य कर्ककारक गटात टाकलं. २००४ च्या आणखी एका अभ्यासात साडेबारा तास किंवा त्याहून लांब पाळीत चूक होण्याचा धोका सुमारे तिप्पट दिसला. आमच्याकडच्या प्रबंधांत मात्र परिचारिकांची झोप वाईट निघाली की शिफारस ठरलेली: योगासनं करावीत, मोबाइल लांब ठेवावा.

आठ ते आठची पाळी करून साडेआठला ठाणे स्टेशनवर येणारी सिस्टर बघा. उलट्या दिशेची गाडी असते म्हणून खिडकी मिळते, कल्याण कधी गेलं कळत नाही, बदलापूरला कुणीतरी हलवून उठवतं. घरी पोचेतो दहा. नळाला पाणी अकराला. साडेबाराला मुलगा शाळेतून. तिच्या झोपेच्या तुकड्यांचा चार्ट काढला तर तो माझ्या आईच्या बिलामागच्या रेघांसारखाच दिसेल. तिला प्राणायाम सुचवणारा प्रबंध मी तपासायला घेतला तेव्हा पहिल्यांदाच एका मुलीवर आवाज चढवला. नंतर वाईट वाटलं. साचा काही तिने बनवला नव्हता.

करता येण्यासारखं आहे, आणि त्याला पैसे फारसे लागत नाहीत. खाटेच्या पायथ्याशी एक कागद. रात्री दहा ते सहा, तासांचे रकाने. कुणीही रुग्णाला जागं केलं की रेघ आणि कारण. सकाळी रिचर्ड्स-कॅम्पबेलचे पाच प्रश्न, कारण ते काल रात्रीचेच असतात. त्याच कागदावर रात्रपाळीत किती परिचारिका होत्या आणि किती रुग्ण. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने एकच नमुना ठरवून दिला आणि नेरुळ, वाशी, कामोठे, कळव्याच्या दहा-पंधरा मुलींनी तोच वापरला, तर साठ-साठ रुग्णांचे सुटे तुकडे जुळून काहीतरी खरं हाती लागेल. रुग्णालयाचं नाव 'निवडक' राहू दे, त्याला माझी हरकत नाही. मग हस्तक्षेप करायचाच तर स्पंजिंग सहाच्या पुढे ढकलून बघा, स्थिर रुग्णाचं दोनचं बीपी डॉक्टरांच्या लेखी परवानगीने वगळून बघा, नवा रुग्ण आला तर एकच दिवा लावून बघा. रेघा किती कमी झाल्या ते मोजायला मला बोलवा, फुकट येईन.

यंदा एक मुलगी तयार झाली आहे. तिच्या गाइडबाईही, थोड्या कुरकुरत. मागच्या शनिवारी आम्ही नमुना आखायला बसलो. कारणांचे रकाने पाडले: औषध, तपासणी, सलाइन, स्वच्छता, उजेड, आवाज, वेदना, लघवी. तिने बराच वेळ कागदाकडे बघितलं. दोन वर्षं तिने स्वतः स्टाफ म्हणून रात्री काढल्या आहेत. म्हणाली, "सर, काम बाराचं असतं, पण हात मोकळा होतो तीनला, म्हणून तीनला उठवतो. ते कशात घालू?"

नववा रकाना पाडला. वर काय लिहायचं यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. 'मनुष्यबळ' लिहिलं तर परवानगी मिळणार नाही, असं तिचं म्हणणं आहे.